सकाळी नऊची नाडी

१२ जून, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना सांग, कठडा धरून जिना उतरण्यात काही कमीपणा नसतो. इथे कारागृहाचा दवाखाना नुकताच रंगवलाय. कैद्यांची वैद्यकीय सेवा सुधारायला समिती नेमली आहे, ती सोमवारी येतेय. तपासणीचं नवं टेबलही आलंय, अजून प्लास्टिकमध्येच आहे.

ताई, हे सगळं लिहितोय ते मूळ गोष्ट टाळायला. तू ओळखलंच असशील.

इथे आजारी कैदी बाहेर रांग लावतात आणि मी त्यांना खिडकीतून बघतो. आत घ्यायचं तर प्रत्येकामागे दोन शिपाई लागतात, कोण कटकट करणार! पण नाडी आणि रक्तदाब वहीत तर हवेच. म्हणून उपचार चालू असलेल्यांचे दुसऱ्या दिवसाचे आकडे मी आदल्या दुपारीच भरून ठेवायचो. सगळ्यांची नाडी बहात्तर ते ऐंशी. तू मला मनगट धरून नाडी मोजायला शिकवलंस, आणि मी हे केलं.

शिवणकाम करणारा एक कैदी होता, सगळे त्याला शिंपी म्हणत. तीन दिवस खिडकीशी येऊन म्हणत होता, "डॉक्टरसाहेब, छातीत कळ येतेय, जरा हात लावून बघा ना."

मी म्हणालो, "कामाचा कंटाळा आला की सगळ्यांच्याच छातीत कळा येतात." रांगेतले हसले. तोही हसला. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या.

चौथ्या दिवशी पहाटे तो गेला. माझ्या वहीत त्याच दिवशी सकाळी नऊ वाजता त्याची नाडी शहात्तर आहे. खाली माझी सही.

अधीक्षक म्हणाले, "पान बदला, विषय संपवा. पोराबाळांचा विचार करा." दोन दिवस केला विचार. नवं पान लिहायला बसलोही होतो, तेव्हा मला शूर समजू नकोस. मग लक्षात आलं, त्या माणसाला मी एकदाही हात लावलेला नाही. मला स्वतःचीच किळस आली.

सोमवारी जुनंच पान समितीपुढे ठेवणार आहे. नोकरी जाईल, कदाचित डॉक्टरकीही. भाचीला डॉक्टर व्हायचंय ना? तिला हे पत्र वाचायला दे.

शिंप्याच्या आईलाही लिहायचंय. 'सर्व उपचार वेळेवर केले' असं तिला माझ्याच सहीनं कळवलंय. सकाळपासून तीनदा कागद घेतला, मायन्यापुढे जाता येत नाही. मी तिला काय म्हणून हाक मारू, ताई?

तुझ्यासमोर उभं राहायला लाजणारा,
तुझा धाकटा भाऊ