नदीकाठचा कुको

८ मे
इथल्या जपानी कंपनीच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला. साखरेपुढे ‘डी’, म्हणजे धोक्याचा शेरा. तीन महिन्यांनी परत टेस्ट, नाही उतरली तर गोळ्या. गोळ्या मी घेणार नाही. बाबांच्याही गोळ्याच सुरू झाल्या होत्या, सहा वर्षांत डावा पाय कापला. मला भीती वाटते. बायकोला, नयनाला सांगितलेलं नाही.

११ मे
देव पावला. ऑफिसातले मोरिता-सान म्हणाले, नदीच्या बांधावर कुको नावाचं काटेरी झुडूप उगवतं. त्यांची आजी त्याच्या पाल्याचा चहा प्यायची, सत्त्याण्णव वर्षं जगली. साखरेचं काही बोलले नाहीत, पण सत्त्याण्णव म्हणजे त्यात सगळं आलंच.

१६ मे, सकाळी ६
पिशवीभर पाला. दोन्ही हात ओरबाडले. बाल्कनीत वाळत घातला. नयनाला सगळं सांगावं लागलं. म्हणाली, डॉक्टरांना विचार. डॉक्टरांना बांधावरचं काय कळतंय!

२४ मे
पहिला कप. कडू. घशाखाली उतरेना.

२५ मे
आलं, दूध आणि गूळ घातल्यावर फर्स्ट क्लास. साखर पूर्ण बंद! माझ्या निग्रहाचं मलाच कौतुक.

१४ जून
दिवसाला सहा कप. नयना म्हणाली, गूळही गोडच असतो. तिला नॅचरल म्हणजे काय ते कळत नाही. इंडियन स्टोअरमधून दोन किलो आणला.

५ जुलै
घात झाला. बांधावर गवतकापणी झाली, त्यात माझी झुडपंही गेली. नुसते खुंट. तिथेच बसून रडलो. सायकलवरच्या एका आजींना वाटलं, ऊन लागलं. पाण्याची बाटली देऊन गेल्या.

६ जुलै
पाला पुरवून वापरायचा. कपाला निम्मा. गूळ तेवढाच.

७ ऑगस्ट
टेस्ट. उपाशीपोटी बोलावलं होतं. नुसता कुकोचा चहा घेऊन गेलो, उपासाला चहा चालतो. नर्सने दोनदा विचारलं, दूध? गूळ? मग म्हणाली, तीन महिन्यांची सरासरी तरीही कळेल. कळू दे!

२१ ऑगस्ट
वाढली. पुष्कळ वाढली. गोळ्या लिहून दिल्या.
बाबांना फोन लावला. विचारलं, गोळ्यांनीच गेला ना तुमचा पाय? म्हणाले, गोळ्या मी घेतल्याच कुठे? कुणीतरी कारल्याचा रस सांगितला होता. तुझ्या आईची नजर चुकवून गोळ्या बेसिनमध्ये टाकायचो. म्हणाले, हेमू, तू तरी घे रे.

२२ ऑगस्ट
उरलेला पाला जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत भरला. नयनासमोर गोळी घेतली, साध्या पाण्याबरोबर. कडू नव्हती. कसलीच चव नव्हती.