पुअर लेडी

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि आज भर दवाखान्यात तुमची आठवण आली, ती इंग्रजीच्या एका शब्दामुळे. अंबरनाथच्या शाळेत तुम्ही धडा वाचायला मलाच उभं केलं होतंत. विहिरीत पडलेल्या माणसाला धड्यात 'पुअर मॅन' म्हटलेलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, गरीब माणूस विहिरीत पडला. तुम्ही चष्म्यावरून बघता. "त्याचे खिसे तपासलेस का गं, शहाणे? इथे पुअर म्हणजे बिचारा." वर्ग फिदीफिदी हसतोय आणि मी अडूनच बसलेय, "मग श्रीमंताला पुअर म्हणायचं नाही का?" तुम्ही खडू खाली ठेवलात. "म्हणायचं की. माणूस गेल्यावरही म्हणतात. आमच्या ह्यांना मी म्हणते, माय पुअर हजबंड." आणि लगेच पुढचं पान काढायला लावलंत.

माझ्या छातीत गाठ आहे, बाई. तिचा तुकडा तपासायला दिलाय. आज उल्हासनगरचे डॉक्टर फोनवर दुसऱ्या डॉक्टरांशी बोलता बोलता माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "येस, पुअर लेडी." मग आम्हाला म्हणाले, रिपोर्ट उद्या, दोघंही या, निवांत बोलू. डॉक्टरला कधीपासून निवांत वेळ मिळायला लागला? माझी तर पाचावर धारण बसली.

रिक्षात ह्यांनी विचारलं, "काय बोलला गं तो? पुअर काय?" हे कंपनीत मशीनवर असतात, इंग्रजीशी ह्यांचं कधी जमलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "गरीब बाई म्हणाला."

असे भडकले! "गरीब? कोणाला गरीब बोलतो तो? कपडे बघून ठरवतो काय?" बेलवलीला घरी पोचेपर्यंत तोंडाचा पट्टा चालूच.

आता आतल्या खोलीत माझा लग्नातला शालू इस्त्री करतायत. जरीचा काठ जळू नये म्हणून वर पेपर ठेवलाय. उद्या मी तोच नेसायचा, मग बघू म्हणे कसा गरीब बोलतो.

हे तुम्हाला पाठवायचं तरी कुठे? पण तुम्हाला खोटं सांगता येत नाही. अर्थ मी विसरले नव्हते, बाई. मुद्दाम चुकीचा सांगितला. मला फार भीती वाटतेय, आणि ते हाक मारतायत, पदर नीट झालाय का बघायला.