भाव उतरणार आहेत

पुष्कर,

आई आणि तुझ्या वहिनीला घेऊन साताऱ्याला जातोय.

दसरा झाल्यावर तू म्हणालास, "दादा, नवं ग्राफिक्स कार्ड येतंय, भाव निम्म्यानं उतरणार. तुझं आत्ताच दे, नंतर भंगारवालाही विचारणार नाही." मी ते फुकट दिलं, वर तुझे आभार मानले. काल मेढ्याला शिवतेजनं तुझ्याकडून घेतलेला कोरा करकरीत इंपोर्टेड कॉम्प्युटर कौतुकानं उघडून दाखवला. आतल्या कार्डावर आईनं दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू तसंच होतं. निदान पुसायचं तरी!

मी भांडलो नाही. गुढीपाडव्यासाठी तुझ्याकडे कॉम्प्युटरचं बुकिंग केलेल्या सगळ्यांना सकाळी फोन केले आणि तुझीच बातमी तुझ्याच शब्दांत सांगितली. थांबा म्हटलं, नवं कार्ड येतंय, भाव निम्म्यानं उतरणार. सगळे संध्याकाळी ॲडव्हान्स परत न्यायला येताहेत. म्हसवडचे सयाजीराव म्हणाले, "त्यास्नी घरातच बसवून ठेवा, आमी जीप भरून येतोय."

पाहुण्यांसाठी दूध तापवून ठेवलंय. चहा पावडर मात्र संपलीय. लगेच आणायला धावू नकोस, भाव उतरणार आहेत असं ऐकतोय.

दादा