‘की’चं काम

आई, आज एम.एस्सी.च्या वर्गात मी तुला शिकवलं. धडा होता मज्जातंतू स्नायूला निरोप कसा देतात त्याचा. तंतूच्या टोकातून एक मुख्य रसायन सुटतं, ते स्नायूला सांगतं, आकस. पण तोच तंतू कधीकधी सोबत एक पेप्टाइडही सोडतो, म्हणजे प्रथिनासारखाच पण छोटा तुकडा. तो बहुतेकदा स्वतः हुकूम देत नाही, दिलेल्या हुकमाचा जोर कमीजास्त करतो. पोरं नुसती वहीत उतरवून घेत होती. मग म्हटलं, "‘ऊठ’ हे रसायन. ‘ऊठ की’ मधला ‘की’ म्हणजे पेप्टाइड. नुसतं ‘की’ म्हणून कोण उठतंय?" मागच्या बाकावरची एक म्हणाली, "आत्ता कळलं की, मॅडम." सगळा वर्ग हसला. गंमत म्हणजे तंतू सावकाश संदेश देत असेल, तर पेप्टाइड सहसा बाहेर पडत नाही. संदेशांची घाई झाली की मगच सुटतं. तुझंही तसंच. पहिली हाक नुसती "ऊठ". मग "ऊठ, ऊठ, ऊठ की गं, धार काढून झाली तरी लोळतीयास?"

आणि याच ‘की’ची मला लाज वाटली. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. परीक्षेआधी ते आपल्या कळंब्याच्या घरी जेवले. तू वाढत होतीस, "घ्या की सर. लाजताय काय, खावा की." बिचारे भिऊन चार भाकरी जेवले आणि दुपारी माझं उत्तर ऐकता ऐकता चक्क पेंगले. मी पास झाले, तरी घरी येऊन तुझ्यावरच डाफरले, "आई, माणसांसमोर ते ‘की’ लावत जाऊ नकोस." तू म्हणालीस, "बरं. न्हाय लावत." आणि खरंच लावलं नाहीस. बाबा जेवायला उठेनात, म्हैस जागची हलेना. चार दिवसांनी तू माझ्याकडं आलीस, "म्हशीला तरी लावू दे की."

तू आजारी पडलीस तेव्हा मी सोलापूरला शिकवत होते. तू फोन करून बोलावलंस. माझे पेपर तपासायचे राहिले होते. मी रविवारी पोहोचले, तू शनिवारी गेलीस. "ती नुसतं ‘ये’ म्हणाली, मला वाटलं सावकाश गेलं तरी चालेल," असं मी बाबांना सांगितलं. अजून सगळ्यांना तेच सांगते. हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून लिहिते. तू ‘ये की’ म्हणाली होतीस. मला नीट ऐकू आलं होतं.