नववा रकाना

सोमवार, ३

पोचले एकदाची! बेट एवढंसं, की अर्ध्या तासात पायी फेरी मारून होते. बारा कॉटेज, एक जेवणाची खोली, एक धक्का आणि धक्क्यासमोर माझं ऑफिस. ऑफिस म्हणजे टेबल, फोन, फायलींचं कपाट आणि खिडकी. पण खिडकीत समुद्र! गेली नऊ वर्षं मी जिथं बसत होते, तिथल्या खिडकीत शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप होते.

मी इथली सहल नियोजक. पाहुणे यायच्या आधी त्यांना फोन करायचा आणि फॉर्म भरून घ्यायचा. किती जण, कुणाला पोहता येत नाही, कुणाला जिना चढवत नाही, कोण उजाडायच्या आत चहा मागतं. मॅनेजरसाहेब म्हणाले की लोक घरातली भांडणं बॅगेत भरून सुट्टीला येतात, ती आपण धक्क्यावरच उतरवून घ्यायची. माणूस गोड बोलतो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पाय मात्र अनवाणी.

आईला फोन केला. पडल्यापासून ती ताईकडे असते. नीट जेवतेस ना, हे पहिलं विचारलं. परत कधी येणार, हे दुसरं. मी म्हटलं, आवाज तुटतोय. तुटत नव्हता.

गुरुवार, ६

फॉर्मला नऊ रकाने आहेत. आठ सरळ. नवव्यात विचारलंय, घरात कुणामुळे निवांतपणा मिळत नाही? फोनवर सगळे आधी हसतात आणि मग पटकन उत्तर देतात. एका बाईनं नवऱ्याचं नाव सांगितलं आणि खो-खो हसली. एका गृहस्थांनी वडिलांचं सांगितलं. म्हातारबुवा बाजूलाच बसले असावेत, कारण यांनी आवाज एकदम खाली आणला.

हे कशाला विचारायचं, असं मी साहेबांना विचारलं. त्या माणसाची आपण वेगळी सोय करतो, म्हणाले. मला कल्पना आवडली.

इथल्या नोकरांच्या घरच्यांना तीन दिवस राहता येतं. ताईला लगेच फोन लावला. ती, भाऊजी, भाची आणि आई. ताई म्हणाली की दोन वर्षं झाली, हाकेला ओ न देता तिनं एक कप चहा प्यायलेला नाही. मी सुटले आणि ती अडकली, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे, बोलत नाही एवढंच. फॉर्म मीच भरला. नवव्या रकान्यात 'आई' लिहिताना हसूही आलं.

मंगळवार, ११

म्हातारबुवांचं कुटुंब आलं. सहा जण. आजोबा लाँचमधून उतरल्यापासून कुरकुरताहेत. गादी मऊ, पाणी खारट, मुलगा अक्कलशून्य. मला मात्र त्यांनी खुर्चीवर बसवून घेतलं आणि तासभर सुतारकामातल्या जोडांविषयी सांगितलं. सून लांबून हात जोडून माझी क्षमा मागत होती. मला तर मजा आली.

गुरुवार, १३

ते लोक आज गेले. लाइफ जॅकेट मीच मोजून देते. पाच लागली. सहावं माझ्या हातात राहिलं.

आजोबा कुठं आहेत, असं मी सुनेला विचारलं. कोण आजोबा, म्हणाली. खोटं बोलणाऱ्याचे डोळे मला कळतात, हिचे तसे नव्हते. मुलाला विचारलं. तो म्हणाला, बाबा तर... आणि थांबला. तोंड उघडंच. मग हसला, म्हणाला, आम्ही पाचच होतो की! पाचही जण कसे टवटवीत दिसत होते. नातवंडं धक्का नजरेआड होईपर्यंत हात हलवत होती.

फॉर्म काढून बघितला. माझंच अक्षर. एकूण सहा. रकाना नऊ, वडील.

शुक्रवार, १४

कपाटातले सगळे फॉर्म खाली काढले आणि लाँचच्या वहीशी ताडून पाहिले. आले चार, गेले तीन. आले सात, गेले सहा. दर वेळी एक कमी. एकदाही चुकलेलं नाही.

लाँचवाल्या काकांना विचारलं. बराच वेळ ते दोर गुंडाळत राहिले. मग म्हणाले की ओहोटीला मागच्या खडकांवर जाऊन बघा, मला काही विचारू नका, मला घरी चार तोंडं आहेत.

दुपारी गेले. भर उन्हात.

ती माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी आहेत. तीस असतील, चाळीस असतील. सगळ्यांची तोंडं कॉटेजकडे. लाटा आल्या तरी हलत नाहीत. आजोबा पुढेच होते, त्याच चौकटीच्या शर्टात. त्यांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. ते हाका मारत होते. आवाज काही येत नव्हता.

त्यात मुलंही आहेत. नवव्या रकान्यात कुणीतरी मुलांचीही नावं लिहिली होती. मी असे दोन फॉर्म भरलेत. दोन्ही आया फोनवर अगदी साध्या आवाजात बोलल्या होत्या.

शनिवार, १५

ताईचा फोन लागत नाही. निघाली असणार, उद्या इथं पोचायचेत.

साहेबांकडे गेले, म्हटलं, माझ्या आईचं नाव खोडायचंय. ते जराही चिडले नाहीत. म्हणाले की खाडाखोड चालते, रकाना रिकामा चालत नाही. पेनही त्यांनीच पुढं केलं.

ताई? भाचीला कोण बघेल? भाची, छे! भाऊजींच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं आणि गिरगटून टाकलं. साहेब शांतपणे म्हणाले, स्वतःचंही चालतं, मागं एकदोघांनी लिहिलंय.

मी विचार केला. हे इथं खरं लिहायलाच हवं, मी नीट, पूर्ण विचार केला. आणि पेन खाली ठेवलं.

धक्क्यावरूनच परत पाठवीन त्यांना.

रविवार, १६

ओरडले, हातापाया पडले. ताई भडकली. म्हणाली की बोलावतेस तूच, हाकलतेसही तूच, दोन दिवस आम्ही जरा टेकलो तर तुझं काय जातं? काका लाँच घेऊन निघूनही गेले. आई म्हणाली, किती वाळलीस गं!

तिला माझ्या खोलीत आणलं. आतून कडी लावली. दाराला खुर्ची लावून मीच तिच्यावर बसले. ती पलंगावरून बोलत होती. उशी टोचते, ताईचा स्वयंपाक तिखट, तुझं लग्न मोडलं त्यात तुझी काही चूक नव्हती. हे शेवटचं तिनं पहिल्यांदाच सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मग पाणी मागितलं. माठ खोलीतच. मी वळले, पेला बुडवला, एवढंच —

सोमवार, १७

कडी आतून तशीच होती. खुर्चीही. उशीवर तेलाचा डाग.

ताईला हलवून विचारलं, आई कुठं? ती म्हणाली, कुणाची?

विसरायच्या आत लिहिते. आईचा डावा गुडघा दुखतो. आई पेपर शेवटच्या पानापासून वाचते. आई रागावली की भांडी घासते. आईच्या हाताला —

साबणाचा? नाही. कसला वास यायचा?

मंगळवार, १८

ताई, भाऊजी, भाची गेले. तिघं. तीन जॅकेटं, बरोबर.

ताईनं घट्ट मिठी मारली. म्हणाली की आपण दोघी लहानपणापासून एकमेकींनाच धरून वाढलो, आपल्याला तिसरं होतं कोण? मला रडू आलं. खरंच, कोण होतं?

किती दिवसांनी गाढ झोप लागली. पोटभर जेवले. अंगावरून ओझं उतरल्यासारखं हलकं वाटतंय.

मागच्या पानावर कुणाच्यातरी गुडघ्याबद्दल लिहिलंय. अक्षर माझंच. पाहुण्यांपैकी कुणी असेल —

बुधवार, १९

दुपार. ओहोटी. इकडे खडकांवर का आले, आठवत नाही. वही हातातच होती.

पुढं एक नवीन बाई उभी आहे. म्हातारी, ठेंगणी. आमच्या पाहुण्यांतली नव्हे, मी कधी पाहिलेली नाही.

हिचा आवाज मात्र येतोय. बाकी कुणाचा नाही, हिचाच. माझ्याकडेच बघून हाक मारतेय. सोनकिडे, म्हणतेय. ए सोनकिडे —

हे नाव इथं कुणालाच माहीत नाही. ताईलासुद्धा नाही. लहानपणी तापात मांडीवर घेऊन मला या नावानं फक्त —