देव्हाऱ्याशेजारचा थर्मास

९ जानेवारी १९३४
पुन्हा थर्मास! कारखान्यातून बर्फ आणायचा, त्यात औषधाची बाटली ठेवायची, आणि घरातली सगळ्यात गार जागा कुठली — तर माझं देवघर! ह्यांना म्हटलं, देवांनाच जरा सरकायला सांगा. हे हसतात आणि पुन्हा लिहीत बसतात. आपल्या खिलार जनावरांना बुळकांडीच्या लशीची किती मात्रा पुरते, ते शोधायचंय ना! गुरांचे डॉक्टर पुष्कळ असतील, पण ताप बघताना बैलाशी गप्पा मारणारा हा एकच.
मी थर्मासवर रोज एक फूल ठेवते. गुरं वाचवणारं औषध ते!

१३ जानेवारी
माहेरहून निरोप. अक्कलकोटकडच्या आमच्या गावात बुळकांडी शिरली. माझ्या भावाचे, चनमल्लप्पाअण्णाचे, दोन बैल गेले. माझी गंगी — लग्नात दिलेली गाय, शहरात जागा नाही म्हणून अण्णाच्याच गोठ्यात — अजून धड आहे.
निरोप सांगायला मी ह्यांच्या दवाखान्यात धावले. मागच्या शेडात बोकड कापलेला, आणि हे त्याची प्लीहा खलात घोटतायत! म्हणाले, "हेच औषध. रोगाचं बीज बोकडात वाढवलं की मवाळ होतं. मग गाय तगते, आणि रोग तिला पुन्हा शिवत नाही."
आम्ही लिंगायत! आणि मी त्यावर फूल ठेवत होते! वर्षभर एका शब्दाने सांगितलं नाही. अबोला धरलाय.

१५ जानेवारी
गावी आलो. हे चावडीवर लोकांशी बराच वेळ बोलत होते, मी आत चुलीपाशी. एकानेही जनावर आणलं नाही. मग सुंदरम्माआत्या आत आल्या, माझ्या समोर बसल्या.
"दाक्षायणी, खरं सांग. बाटलीत काय हाय?"
सांगावं तर कुणी टोचून घेणार नाही, अण्णाचा गोठा रिकामा होणार. खोटं बोलावं तर पाप!
उठले. गंगीचं दावं सोडलं, तिला चावडीपुढे नेलं. "आधी हिला टोचा."
ह्यांचा हात थांबला. कधी नव्हे ते घाबरलेले दिसले. मग टोचलं.

१८ जानेवारी
गंगीला ताप. दूध आटलं, वैरणीला तोंड लावत नाही. माणसं गोठ्यात डोकावून जातात. हे तिच्याशेजारी गोणपाट टाकून बसलेत. विचारलं, "मेली तर?"
"तर माझा हिशेब चुकला. गावापुढं उभा राहून तसं सांगेन."
असल्या माणसावर रागवायचं तरी कसं! मघाशी चहा नेऊन दिला. अबोला सुटलाच म्हणायचा.

२० जानेवारी
खाल्लं! गंगीनं कडब्याची पेंढी ओढली!

२१ जानेवारी
चावडीपुढे गुरंच गुरं! सगळ्यात पुढे सुंदरम्माआत्या, आपली म्हैस घेऊन. मला बाजूला ओढून म्हणाल्या, "बोकडाचं हाय ते आमाला ठावं हुतं की! जावयानं आल्या आल्याच चावडीवर सांगितलं. आमी म्हटलं, दाक्षायणी आपली गाय पुढं करती का बगू."
मला वर्षभर कळू दिलं नाही, आणि गावाला पहिल्याच तासात! अख्ख्या गावाला न भिणारा माणूस — भ्याला तो मला.
सोलापूरहून ताजा थर्मास आला. अण्णाच्या देव्हाऱ्याशेजारी मीच नेऊन ठेवला. वर फूल.