शेवटच्या पानावरचं एकवचन

४ जून

ती. काकांस, खारूताईचा सा. न. वि. वि.

गुडघे काय म्हणतात? वहिनी सांगत होती की तुम्ही खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून माळ्यावर टाकलंत. लाकूड फुगतं म्हणे! ऐन उन्हाळ्यात? ती बिचारी म्हणाली की एक वेळ खोलीचं चालेल, पण मामंजी आता न्हाणीघराच्या दाराकडेही बघायला लागलेत.

बाबांच्या समग्र लेखनाचा सहावा आणि शेवटचा खंड छापखान्यात आहे. आमच्या मुद्रितशोधकबाई म्हणजे काना-मात्रेला हटकणारं माणूस. शेवटच्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं विचारलंय, ‘येथे “या” हवे का?’ तुम्हाला कळलंच असेल, बाबांचं अखेरचं वाक्य. ‘आत ये.’ मला आधी हसू आलं. या दोन शब्दांवर माणसं डोळे मिटून तास तास बसतात, बाबांच्या भक्तमंडळींनी ते सभागृहाच्या भिंतीवर कोरून घेतलेत, आणि या बाई त्यात व्याकरण काढतात!

पण मग मी सहाही खंड चाळले. बाबांनी वाचकाला एकदाही अरे-तुरे केलेलं नाही. ‘थांबा’, ‘ऐका’, ‘शोधणाऱ्याकडे पाठ करू नका’. सगळं अहो-जाहो. मग शेवटीच ‘ये’ कसं? त्यांची ती शेवटची चिठ्ठी तुम्हीच उतरवून घेतली होती. घाईत काही राहिलं का? ‘या’ करून टाकू?

उत्तर लवकर धाडा, छापखाना थांबलाय. लोभ आहेच, शिळा होऊ देऊ नका.

तुमची
खारूताई

९ जून

चि. खारूताईस, काकाचे अनेक आशीर्वाद.

मुद्रितशोधकबाईंना माझा नमस्कार सांग आणि ‘ये’ला हात लावू नका म्हणावं. मी पस्तीस वर्षं पोरांना एकवचन-अनेकवचन शिकवलं. कान पिळून शिकवलं. माझ्या हातून तसली चूक व्हायची नाही.

एकदा चौथीत कविता शिकवत होतो. सगळा वर्ग चालीवर डुलत होता. एका मुलीनं मध्येच विचारलं की कवितेत देवाला अहो का म्हणत नाहीत. मी फळ्याकडे तोंड करून उत्तर जुळवतोय, तोवर मागच्या बाकावरून कोणीसं म्हणालं की जवळच्याला कोण अहो म्हणतं! दादाचं तसंच झालं असणार. शेवटी त्याला सगळंच जग जवळचं वाटलं असेल.

ते दिवस आठवतात गं. आठ ते बारा त्याचं मौन. दार लोटलेलं, कडी कधीच नसायची, पण बारापर्यंत कोणी उघडायचं नाही हा नेम. माझी शाळा दुपारची, त्यामुळे तो आत बैठ्या मेजाशी, मी बाहेर बोळात स्टुलावर. पान झालं की दाराखालून सरकवायचा. मी ते उचलून, त्याचे राहिलेले अनुस्वार देऊन, स्वच्छ अक्षरात उतरवायचो. जगात एवढी सुंदर नोकरी कोणी केली नसेल.

अजून सकाळी फरशीवर कागद घासल्याचा आवाज येतो. वाकून बघतो तर काही नसतं. म्हणून तर दार काढलं. दारच नाही तर कागद येईल कुठून? पण येतो. आवाज येतोच.

असो. म्हातारा बरळतो म्हणून लोभ कमी करू नकोस.

तुझा
काका

१५ जून

ती. काकांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मग पत्र्याच्या पेटीतून मूळ चिठ्ठी काढली. एकोणीस वर्षांत आम्ही कोणी ती उघडून पाहिली नव्हती, तुमची प्रतच छापत आलो.

काका, अक्षर बाबांचं वाटत नाही इतकं वाकडं आहे. शेवटची रेघ कागदाबाहेर गेलीय. आणि ‘आत ये’च्या आधी काहीतरी आहे. ‘ध’ आणि त्याला काना. पुढे पेन्सिल घसरलीय. तुमच्या प्रतीत ते नाही.

तुम्हाला ‘धाकट्या’ म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

मला लहानपणापासून सांगितलंय की बाबा ध्यानात बसल्या बसल्या गेले. त्या सकाळी काय झालं? रागानं विचारत नाही. पण मला कळायला हवं. नाहीतर मी काय छापतेय हेच मला ठाऊक नसेल.

तुमची
खारू

२२ जून

चि. खारूस आशीर्वाद. द्यायचा हक्क उरला असेल तर.

चिठ्ठी नऊनंतर आली. आधी आत काहीतरी पडल्यासारखं वाजलं होतं. मला वाटलं, पुस्तक. मग फरशीवर खरखर झाली आणि कागद आला, पण अर्धाच. मी ओढून घेतला. वाकडं अक्षर पाहून, काय सांगू तुला, मी भारावून गेलो! वाटलं, दादाचं अक्षर आता देहातून सुटायला लागलंय. ‘धा’ मला दिसला. तो पेन्सिलीचा फराटा समजून मी गाळला. अनुस्वार द्यायची सवय होती ना, तीच सवय गाळायलाही शिकली.

‘आत ये.’ आयुष्यभर त्याच्या प्रत्येक वाक्यात मी अर्थ पाहिला. याही वाक्यात पाहिला. डोळे मिटले आणि आत गेलो. स्वतःच्या आत! बारापर्यंत तिथंच बसलो, आनंदात. दारापासून दोन हातांवर.

बाराला दार ढकललं तर ते पुरतं उघडेना. तो दाराशीच पडला होता. डॉक्टर म्हणाले की अर्धं अंग गेलं, वाचा गेली, पण अकरापर्यंत तरी धुगधुगी असावी. बसल्या बसल्या गेले, हे मी सांगितलं. मंडळींनी ते मोठं केलं.

तिसऱ्या खंडात त्याचं एक वाक्य आहे, माझ्याच अक्षरात उतरवलेलं: ‘मी पाणी मागितलं तर पाणी द्या, अर्थ देऊ नका.’ ते मी वर्गात सुविचार म्हणून फळ्यावरही लिहिलं होतं.

‘या’ करू नकोस. ‘ये’च बरोबर आहे. फक्त मला होतं ते.

लोभाचं काय लिहू? तू ठरव.

काका

३० जून

ती. काकांस, शिरसाष्टांग नमस्कार.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्या सकाळी दहाच्या सुमाराला मी बोळात आले होते, तुम्हाला चहा द्यायला. तुम्ही डोळे मिटून बसला होतात. तोंडावर इतका आनंद होता की हाक मारवेना. दाराखाली बोटं दिसली. मला वाटलं, बाबा गंमत करतायत. मी चहा घेऊन पावलं न वाजवता परत गेले. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

तेव्हा लोभाचं तुम्ही मला विचारू नका, मी तुम्हाला विचारत नाही.

मुद्रितशोधकबाईंना ते पान काढायला सांगितलं. त्यांनी विचारलं की मग खंड संपणार कुठे. म्हटलं, आदल्या दिवशीच्या पानावर, जिथं वाक्य अर्धंच राहिलंय तिथं. मंडळी भडकली आहेत. भिंतीवरचं कसं पुसायचं, असा त्यांचा सवाल आहे. तो त्यांनी सोडवावा.

मूळ चिठ्ठी सोबत पाठवतेय. ती तुमच्या नावची आहे. एकोणीस वर्षं आम्ही सगळे दुसऱ्याचं पत्र वाचत बसलो.

तुमची
खारू